आकडा उतरला, पण शटर कधी उघडायचे?

साथ चढते तेव्हा काय करायचे हे सगळ्यांना कळते. पोलीस रस्ता अडवतात, महापालिका गल्ली बंद करते, दुकानदार शटर खाली ओढतो. त्यात कोणाचे दुमत नसते, कारण जीव सर्वात मोठा. खरा गोंधळ साथ उतरू लागते तेव्हा सुरू होतो. रुग्ण घटले म्हणून दुकानदार म्हणतो उघडा, डॉक्टर म्हणतात थांबा, आणि अधिकारी वरच्या हुकमाची वाट पाहतो. या तिघांच्या मध्ये कारीगराची चूल अडकते.

कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. आता तो विषय कोणाला नकोसा वाटतो. पण आम्हा कापडवाल्यांना वाटते की या विषयाची वही अजून नीट बंद झालेली नाही. रुग्ण वाढताना सरकारने काय केले यावर पुष्कळ लिहून झाले. रुग्ण घटल्यावर स्थानिक प्रशासनाने काय केले, त्याचा बाजारावर काय परिणाम झाला, आणि पुढे अशी वेळ आली तर व्यापाऱ्यांनी काय मागावे, हा हिशेब कोणी मांडला नाही. तो आज धारावीच्या उदाहरणावरून मांडू.

धारावीच का, तर तिथे घर आणि कारखाना एकाच भिंतीला लागून आहेत. शिलाईचे कारखाने, चामड्याचे काम, कुंभारवाडा, भंगार आणि प्लास्टिकचा धंदा, जरीकाम, सगळे अडीच चौरस किलोमीटरच्या आत. पाच हजार युनिट आणि पंधरा हजार एका खोलीचे कारखाने असा अंदाज नेहमी सांगितला जातो. आमच्यासारखे कापडवाले तिथे थान पाठवतात आणि तयार माल सगळ्या हिंदुस्थानात जातो. तिथले शटर बंद झाले की भिवंडीचा लूमवाला आणि मालेगावचा रंगारी दोघांनाही झळ लागते.

आकडा कसा उतरला

धारावीत कोरोनाचा पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० रोजी सापडला आणि त्याच दिवशी दगावला. पुढे केंद्र सरकारने जून २०२० मध्ये जे आकडे दिले, त्यांप्रमाणे एप्रिलमध्ये तिथे ४९१ रुग्ण होते आणि रुग्णवाढीचा दर रोज १२ टक्के होता. रुग्ण १८ दिवसांत दुप्पट होत होते. मे महिन्यात वाढीचा दर ४.३ टक्क्यांवर आला, जूनमध्ये १.०२ टक्क्यांवर. दुप्पट होण्याचा काळ मेमध्ये ४३ दिवस आणि जूनमध्ये ७८ दिवस झाला. ७ जुलै २०२० रोजी संपूर्ण धारावीत एकच नवा रुग्ण नोंदला गेला. १० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनी इटली, स्पेन आणि दक्षिण कोरियाबरोबर धारावीचे नाव घेतले.

ज्या वस्तीत दर चौरस किलोमीटरला सव्वादोन लाखांहून जास्त माणसे राहतात आणि ८० टक्के लोक सुमारे ४५० सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून आहेत, तिथे हे घडले. मुंबई महापालिकेच्या जी उत्तर विभागाचे तेव्हाचे सहायक आयुक्त किरण दिघावकर यांच्या पथकाने एक गोष्ट लवकर ओळखली. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे राहत असताना अंतर राखा म्हणून सांगण्यात अर्थ नाही. रुग्ण आपल्याकडे येईल याची वाट न पाहता त्याच्या दारात जायचे, असे त्यांनी ठरवले. माहीम-धारावीच्या खासगी डॉक्टरांची संघटना पुढे आली. किट घालून हे डॉक्टर गल्लोगल्ली फिरले, ताप आणि ऑक्सिजन मोजला. शाळा, लग्नाचे हॉल आणि राजीव गांधी क्रीडा संकुल ताब्यात घेऊन संशयितांना तिथे ठेवले. सुमारे दोन आठवड्यांत २०० खाटांचे रुग्णालय उभे राहिले. शौचालये वारंवार धुतली गेली. बंद गल्ल्यांत शिधा आणि शिजवलेले अन्न पोहोचवले गेले. मोहल्ल्यातल्या जाणत्या माणसांना कोविड योद्धा म्हणून नेमले, कारण लोक परक्या अधिकाऱ्यापेक्षा ओळखीच्या माणसाचे ऐकतात.

श्रेय कोणाचे, किती

व्यापाऱ्याला नफा झाला तर तो कशामुळे झाला हे नीट पाहावे लागते, नाहीतर पुढच्या सीझनला तोच माल भरून तो बुडतो. साथीचेही तसेच आहे. धारावीचा आकडा उतरला त्याला महापालिकेची मेहनत हे एक कारण होते, एकटे नव्हे.

दुसरे कारण म्हणजे माणसेच निघून गेली. १ मे २०२० पासून श्रमिक रेल्वेगाड्या सुरू झाल्या आणि धारावीतून सुमारे दीड लाख लोक गावी गेल्याचा अंदाज तेव्हा देण्यात आला. यात उत्तर प्रदेश आणि बिहारचे शिलाई कारीगर, जरीवाले, चामड्याचे कामगार मोठ्या संख्येने होते. ज्या पोटमाळ्यावर दहा जण झोपत होते तिथे दोघे उरले. गर्दी अशा रीतीने कमी झाली.

तिसरे कारण नंतर कळले. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्ताची पाहणी झाली. त्यांत झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोना होऊन गेल्याची खूण सापडली, तर इमारतींत राहणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. हे विभाग माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसरचे होते, धारावीचे नव्हे. पण दाट वस्तीत साथ नोंदीपेक्षा किती जास्त पसरून गेली होती, हे त्यावरून समजते. अनेकांना लागण झाली, कळलीच नाही, आणि ते बरे झाले.

ही तीन कारणे वेगळी करून पाहण्यात आम्हा व्यापाऱ्यांचा स्वार्थ आहे. माणसे गेल्यामुळे आकडा उतरला असेल, तर माणसे परत आल्यावर काय होईल? कारखाना तर त्याच माणसांच्या जोरावर चालतो. म्हणजे शटर उघडण्याची आणि कारीगर परतण्याची वेळ हीच खरी धोक्याची वेळ होती. प्रशासनाची कसोटी तिथेच लागणार होती.

उघडण्याचे हुकूम

राज्य सरकारने ३१ मे २०२० रोजी ‘मिशन बिगिन अगेन’चा हुकूम काढला. ५ जूनपासून दुकाने उघडायला परवानगी मिळाली, पण सम-विषम पद्धतीने. रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एका दिवशी, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी, सकाळी ९ ते संध्याकाळी ५. प्रतिबंधित क्षेत्रात मात्र ही सवलत नव्हती. कापडाच्या दुकानांसाठी खास अट होती. कपडे घालून पाहण्याची खोली बंद, विकलेला माल बदलून देणे बंद, परत घेणेही बंद.

आता कपड्याचा धंदा ज्याने केला आहे त्याला विचारा. गिऱ्हाईक माप घालून बघणार नाही, बदलून मिळणार नाही, तर तो घेणार काय? साथीच्या दृष्टीने ती अट तेव्हा बरोबर वाटली असेल, कारण कपड्याला किती हात लागतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण दुकान उघडे आणि गल्ला रिकामा, अशी अवस्था झाली. सरकारी कागदावर बाजार सुरू झाला होता, वहीत मात्र नोंद नव्हती. मुंबईत दोन्ही बाजूंची दुकाने रोज उघडण्याची परवानगी ५ ऑगस्ट २०२० पासून मिळाली, म्हणजे पूर्ण दोन महिन्यांनी.

कारखान्यांची तकलीफ वेगळी होती. दुकानाला निदान वेळापत्रक मिळाले. एका खोलीच्या कारखान्याला आपण उद्योगात मोडतो, दुकानात मोडतो की घरात मोडतो, हेच कळत नव्हते. जूनपासून हळूहळू मशिनी चालू झाल्या. काहींनी मास्क आणि डॉक्टरांचे किट शिवायला घेतले आणि त्यावर तग धरला. पण कटिंग मास्टर गावी, ओव्हरलॉकवाला गावी, आणि त्याला परत आणायचे तर तिकीट आणि उचल दोन्ही द्यावे लागत होते. आमच्याकडचे थान पडून, त्यांच्याकडची मशीन पडून, आणि भाडे व बँकेचे व्याज मात्र एक दिवसही थांबले नाही.

ईदच्या सीझनचे तर बोलूच नये. २०२० मध्ये रमजान २५ एप्रिलला सुरू झाला आणि २५ मेला ईद झाली. पूर्ण महिना टाळेबंदीत गेला. रमजानसाठी आमचा व्यापारी शाबानच्या आधीच माल भरतो, तोही उधारीवर. तो माल गोदामात राहिला. ईद गेली की त्या डिझाइनचा भाव उतरतो, आणि देणेकऱ्याची तारीख तर तशीच उभी राहते.

शून्य आले, पुढे काय

२५ डिसेंबर २०२० रोजी धारावीत एकही नवा रुग्ण सापडला नाही. एप्रिलनंतर पहिल्यांदाच असा दिवस आला. वर्तमानपत्रांत मोठ्या बातम्या आल्या. याच ठिकाणी बहुतेक प्रशासने गाफील होतात, आणि खरे सांगायचे तर बाजारही. मास्क हनुवटीवर येतो, दुकानाच्या दारातली सॅनिटायझरची बाटली रिकामी होते ती पुन्हा भरली जात नाही.

शून्यानंतरही तापाच्या तपासण्या आणि संपर्कातल्या लोकांचा शोध चालू असल्याचे विभाग कार्यालयाकडून सांगितले जात होते. तरीही फेब्रुवारी २०२१ पासून रुग्ण पुन्हा वाढले. ८ एप्रिल २०२१ रोजी एका दिवसात ९९ रुग्ण नोंदले गेले, पहिल्या लाटेतल्या कोणत्याही दिवसापेक्षा जास्त. शून्य हा शेवट नव्हता, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

पण पुढचा भाग लक्षात ठेवण्यासारखा आहे. दुसऱ्या लाटेत सबंध देश ऑक्सिजनसाठी धावत असताना धारावीचा आकडा दोन महिन्यांच्या आत खाली आला आणि १४ जून २०२१ रोजी पुन्हा शून्य नोंदले गेले. पहिल्या लाटेत बसवलेली घडी मोडून टाकलेली नव्हती, हे त्याचे एक कारण. डॉक्टरांची ओळख होती, कोणत्या गल्लीत कोण जाणता हे ठाऊक होते, लोकांना तपासणीची भीती राहिली नव्हती. त्यात लसीची भर पडली. मार्च २०२१ मध्ये धारावीतच लसीकरण केंद्र सुरू झाले, त्यामुळे रोजंदारीच्या माणसाला लस घेण्यासाठी दूर जावे लागले नाही.

म्हणजे रुग्ण घटल्यावर प्रशासनाचे पहिले कर्तव्य हे की शोध बंद करू नये. दुकान चालत नसले तरी आपण रोज सकाळी झाडून पुसून ठेवतो, तसे हे आहे.

टक्क्यांचा खेळ

दुसऱ्या लाटेनंतर सरकारने उघडण्याचे नियम आकड्यांवर बांधले. आमच्या मते ही सुधारणा होती. २०२० मध्ये हुकूम कधी येईल आणि त्यात काय असेल हे कोणालाच ठाऊक नसायचे. ४ जून २०२१ च्या हुकमाने पाच स्तर ठरवले आणि ते ७ जूनपासून लागू झाले. त्यासाठी दोन गोष्टी मोजायच्या होत्या. एक, शंभर तपासण्यांमागे किती जण बाधित निघाले. दोन, ऑक्सिजनच्या शंभर खाटांपैकी किती भरल्या. पहिला आकडा ५ टक्क्यांखाली आणि खाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर, म्हणजे दुकाने नेहमीसारखी. बाधित ५ ते १० टक्के किंवा खाटा ४० टक्क्यांवर भरलेल्या असतील तर तिसरा स्तर. त्यात कापडाचे दुकान सोमवार ते शुक्रवार दुपारी ४ पर्यंत, शनिवार-रविवार बंद. चौथ्या स्तरात अत्यावश्यक नसलेली दुकाने बंदच. दर गुरुवारी आकडे पाहून पुढच्या सोमवारपासून स्तर बदलायचा.

हिशेब साधा दिसतो, पण त्यात दोन खाचा होत्या.

पहिली खाच तपासणीची. दोनशे तपासण्यांत दहा बाधित निघाले तर ५ टक्के. पण त्या दोनशे कोणाच्या? फक्त तापाने फणफणलेल्यांच्या केल्या तर टक्का वर जातो. धडधाकट लोकांच्या रांगा लावल्या तर खाली येतो. म्हणून जूनच्या अखेरीस राज्याने फक्त आरटीपीसीआर तपासणीच धरायची असे ठरवले. व्यापारी संघटनांपैकी किती जणांनी हा आकडा वाचायला शिकून घेतला? बहुतेकांनी फक्त वेळेवर वाद घातला, ४ की ७.

दुसरी खाच हद्दीची. मे अखेरच्या हुकमाने २०११ च्या जनगणनेप्रमाणे १० लाखांपेक्षा जास्त लोकसंख्येच्या महापालिकांनाच वेगळे मोजायचे ठरवले. बाकीची शहरे जिल्ह्याच्या उरलेल्या भागाबरोबर. भिवंडीची लोकसंख्या त्या जनगणनेत सुमारे ७ लाख, मालेगावची पावणेपाच लाखांच्या आसपास. म्हणजे वेगळ्या मोजणीच्या त्या कसोटीत ही दोन्ही शहरे बसत नव्हती. शहरात साथ उतरली तरी जिल्ह्याचा आकडा चढा असेल तर दुकानदाराने थांबायचे. उलटही घडू शकत होते. धारावीत गल्ली हे माप होते, इथे जिल्हा हे माप झाले. आजार शोधताना गल्लीपर्यंत जाता येते, तर बाजार उघडताना निदान शहरापर्यंत का जाता येऊ नये?

मुंबईचे उदाहरणही असेच. जून २०२१ च्या शेवटी मुंबईचे दोन्ही आकडे पहिल्या स्तरात बसत होते, तरी शहर तिसऱ्या स्तरावरच ठेवले गेले. २५ जूनच्या हुकमाने तर राज्यात कोणालाच तिसऱ्याच्या खाली येऊ द्यायचे नाही असे ठरले. डेल्टा प्लस नावाच्या नव्या प्रकाराची भीती आणि मुंबईतली लोकल गाड्यांची गर्दी, ही कारणे खोटी नव्हती. पण व्यापाऱ्याला सांगितलेला नियम एक आणि लागू झालेला दुसरा, असे झाले. वायद्याच्या तारखेला हुंडी न वटल्यासारखेच ते. मुंबईत दुकाने रात्री १० पर्यंत उघडी ठेवण्याची परवानगी ऑगस्ट २०२१ च्या सुरुवातीला मिळाली. १५ ऑगस्टपासून ती राज्यभर झाली, आणि त्यासाठी नोकरांचे दोन्ही डोस झालेले असण्याची अट घातली गेली.

तोवर दुसरा रमजानही गेला होता. ५ एप्रिल २०२१ पासून अत्यावश्यक नसलेली दुकाने बंद, १४ एप्रिलला पहिला रोजा आणि त्याच रात्री ८ पासून कडक निर्बंध, १४ मेला ईद. सलग दोन वर्षांचा मोठा सीझन ज्याने बंद शटरमागे काढला, त्याच्या भांडवलाची काय हालत झाली असेल हे व्यापारी बंधूंना सांगायची गरज नाही.

स्थानिक प्रशासनाकडे काय मागावे

पुन्हा अशी वेळ येऊ नये अशी दुआ आहेच. पण साथ सांगून येत नाही, म्हणून मागणे आधी तयार ठेवावे.

पहिले मागणे असे की कोणता आकडा आला की कोणते शटर उघडेल हे साथीच्या सुरुवातीलाच जाहीर व्हावे, आणि ते बदलायचे असेल तर कारण आणि मुदत दोन्ही सांगावे. दुसरे, मोजणी शहराची आणि जमल्यास विभागाची वेगळी व्हावी. तिसरे, दुकान, गोदाम आणि छोटा कारखाना यांचे नियम वेगळे लिहावेत. जिथे गिऱ्हाईक येतच नाही आणि चारच माणसे मशीन चालवतात, त्या खोलीला बाजाराचा नियम लावण्यात फायदा कोणाचाच नाही. चौथे, विभागाच्या साथ समितीत डॉक्टर आणि पोलिसांबरोबर व्यापारी आणि कारीगरांचा एकेक माणूस असावा. कपडे घालून पाहायची खोली बंद करण्याआधी एखाद्या कपडेवाल्याला विचारले असते, तर दुसरा काही तोडगा कदाचित निघाला असता.

आपण काय करावे

मागणाऱ्याचा कागद पक्का असावा लागतो. मे २०२० मध्ये केंद्राने तीन लाख कोटींची कर्ज हमी योजना आणली, पण सुरुवातीला ती ज्यांचे बँकेत आधीचे कर्ज चालू होते त्यांच्या कामाची होती. धारावीतला बहुतेक धंदा रोखीवर, ओळखीवर आणि उचलीवर चालतो. बँकेच्या वहीत ज्याचे नाव नाही त्याला त्यातून काय मिळणार? फेरीवाल्यांसाठी १ जून २०२० रोजी स्वनिधी योजना आली, तिथेही महापालिकेची नोंद किंवा शिफारस लागली.

१ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. २ जुलै २०२१ रोजी किरकोळ आणि ठोक व्यापाऱ्यांनाही प्राधान्य कर्जापुरते त्यात घेतले गेले. छोट्या दुकानाला महाराष्ट्रात गुमास्त्याची फक्त सूचना द्यावी लागते, ती द्यावी. कारीगरांची नावे ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदीत घालावीत. प्रत्येक कारखानदाराने आपल्या माणसांची यादी ठेवावी. नाव, गाव, फोन, कोणती मशीन चालवतो, कोणती लस झाली. ही यादी साथीत डॉक्टरच्या कामाला येते आणि साथ उतरल्यावर माणूस परत बोलावताना मालकाच्या.

धारावीत आजार उतरला तो अधिकारी, डॉक्टर आणि मोहल्ला एका बाजूला उभे राहिले म्हणून. बाजार उघडताना मात्र व्यापारी आणि कारीगर दाराबाहेर हुकमाची वाट पाहत राहिले. तेवढी एक खुर्ची आत मिळवायची आहे. आपापल्या संघटनेने पुढच्याच बैठकीत हा विषय घ्यावा आणि विभाग कार्यालयाला लेखी अर्ज द्यावा. तो शांततेच्या दिवसांतच द्यावा, कारण साथीच्या दिवसांत अर्ज वाचायला कोणाला फुरसत नसते.